सिंहाचं तोंड समुद्राकडे

आपली बायको तोयो गेली हे चोएईला कळलं तेव्हा सिंहघराचं दार लावून झालं होतं.

पितरांचे तीन दिवस आदल्या संध्याकाळी संपले होते. सातव्या महिन्याची सोळावी होती. त्या दिवशी दुपारी तीनला कानेबारू गावाचा सिंह बाहेर पडतो. घरचे पितर जेवून, निरोप घेऊन गेलेले असतात. पण ज्यांना कुणी वाढलं नाही, ज्यांना घरच उरलं नाही, असे काही मागे रेंगाळतात. त्यांना गल्लीबोळांतून हुसकत पश्चिमेच्या वेशीपर्यंत न्यायचं आणि तिथे समुद्राकडे तोंड करून तीनदा जबडा वाजवायचा, हे सिंहाचं काम. लढाईत जुना सिंह जळाला. नवा कोरला त्या वर्षापासून त्याचं डोकं चोएई धरत होता आणि मागचे पाय सेइजुन होता. एकतीस वर्षं झाली होती.

ऊन कडक होतं. पांगाऱ्याच्या लाकडाचं डोकं हलकं म्हणतात, पण दोन तास हातांवर धरलं की खांदे भरून येतात. वरून केळीच्या धाग्यांची जाड झूल. आत घामाचा आणि ओल्या धाग्यांचा वास. चोएईला जबड्याच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच गाव दिसत होतं. सेइजुनला तेवढंही नाही. तो वाकून, चोएईच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून चालायचा.

वडाखाली सिंह झोपतो. ढोल थांबतो, पोरं जवळ येऊन शेपटी ओढतात, बायका हसतात. मग झांज वाजली की सिंह उठतो. त्या दिवशी उठताना चोएईला मागचं अंग जड लागलं. पट्टा खाली ओढला जात होता. तो आतल्या आत म्हणाला, "मागे मेलास काय? पाय उचल."

एरवी सेइजुन ऐकून घेत नसे. तुझ्या ढुंगणामागे एवढी वर्षं काढली, अजून जगलोय हेच नवल, असं काहीतरी सुनवायचा. त्या दिवशी तो काही बोलला नाही. पाय मात्र उचलले.

वेशीवर तीनदा जबडा वाजला. चांगला वाजला. मागून कुणीतरी तसं म्हणालंही.

पाचच्या सुमारास सिंह घरी आला. डोकं पेटीत ठेवलं, झूल घडी करून वर ठेवली, हात जोडले आणि दोघे बाहेर आले. गावप्रमुख कोतोकुने स्वतः दार ओढलं आणि दोरीची गाठ मारली. दरवर्षी या वेळेला चोएईच्या हातात कुणीतरी दारूची वाटी देतं. या वेळी कुणी दिली नाही. माणसं होती, पण चार हात लांब. सेइजुन जमिनीवर बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. चोएईला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

कोतोकुने गाठ एकदा ओढून पाहिली. मग वळला.

"चोएई, तोयो गेली रे. दवाखान्यातून फोन होता."

"कधी?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

चोएईने बंद दाराकडे पाहिलं. तेव्हा त्याच्या मनात काहीच आलं नाही. पुढे मात्र ती गाठ त्याला रोज दिसायची. आधी दोरी बांधली आणि मग सांगितलं.

*

तोयोच्या पोटातली गाठ काढून दहा दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, पितरांचे दिवस झाले की घरी न्या. पंधरावीला चोएई नाहा शहरातल्या दवाखान्यात जाऊन तिच्याजवळ बसला होता, तर तिनेच त्याला हाकललं. "इथे बसून काय करणार आहात? खुर्ची अडवून? जा घरी. उद्या तुमच्याशिवाय सिंह काय स्वतःच्या पायांनी चालणार आहे?"

तो गेला.

मुलगी मित्सुए नाहातच नोकरीला होती. ती दवाखान्याच्या लांब पडवीत उभी होती. रडून झालेलं होतं. तिने बापाला आईजवळ नेलं, बाहेर आणलं, बाकावर बसवलं आणि मग सांगितलं.

"बाबा, मी गावच्या सभागृहात तीनदा फोन केला."

"तीनदा?"

"पहिला तीन वीसला. आईला धाप लागली होती. मी म्हटलं, बाबांना लगेच पाठवा. कोतोकुकाका म्हणाले, सिंह आता कुठे निघालाय, आत आला की पाठवतो. दुसरा पावणेचारला. तेच म्हणाले. तिसरा ती गेल्यावर."

नाहा मोटारीने चाळीस मिनिटांवर. तीन वीसला निघाला असता तर चारला पोचला असता. दहा मिनिटं मिळाली असती. चोएईने हा हिशेब बाकावर बसून एकदा केला आणि नंतर कितीदा केला त्याला गणती नाही.

"ती काही बोलली?"

"विचारत होती, सिंह कुठवर आला असेल. मी म्हटलं, अजून वडापाशीही आला नसेल. तर म्हणाली, मग अजून वेळ आहे."

"वेळ आहे म्हणाली?"

"हो. मग डोळे मिटले. मला वाटलं झोपली."

*

टेकडीच्या पोटातल्या घराण्याच्या कबरीत तोयोला ठेवलं. दगड लावला. दर सातव्या दिवशी लोक येत होते, उदबत्ती लावत होते, चोएईच्या हातात डुकराच्या मांसाचं ताट देऊन जात होते. चोएई जेवत होता. त्याला कुणी रडताना पाहिलं नाही. तो छपरं घालणारा कौलारी होता. पडवीत बसून जुनी कौलं घासायचा, जी कुणी मागितलेली नव्हती. तुफानांना भिऊन लोक आता सिमेंटची घरं बांधत होते.

तिसऱ्या सातव्याला सेइजुन आला. कारल्यांची परडी घेऊन पडवीच्या कडेला टेकला.

"तुला कधी कळलं?" चोएईने विचारलं.

सेइजुनने एक कारलं उचललं, परत ठेवलं. "वडाखाली. सिंह झोपला होता तेव्हा. कोतोकुदादाने मागून झूल उचलली आणि कानात सांगितलं."

"आणि तू गप्प बसलास."

"सांगितलं असतं तर तू उठला असतास."

"उठलो असतो."

"मग सिंहाचं काय? बाप सांगायचा, जागा सिंह वाटेत टाकायचा नाही. टाकला तर तो कुणाच्या तरी घरात शिरतो."

"कुणाच्या?"

"ते नाही सांगितलं त्याने."

चोएई हसला. हसण्यासारखं काही नव्हतं. "मी तुला म्हटलं, मागे मेलास काय."

"म्हटलंस."

"तू काही बोलला नाहीस."

"काय बोलणार होतो?"

समोरच्या भिंतीवर पाल चुकचुकली. चोएईने हातातलं कौल खाली ठेवलं. "सेइजुन, ती चार दहाला गेली. माणूस गेलं की आधी कुठे जातं?"

"घरी येतं."

"नाहाचा रस्ता गावात कुठून शिरतो?"

सेइजुनला कळलं. तो परडी जवळ ओढू लागला.

"अरे, बोल की. कुठून शिरतो?"

"पश्चिमेकडून."

"साडेचारला तिथे कोण उभं होतं? तोंड उघडून?"

"आपण," सेइजुन म्हणाला.

तो उठून गेला तेव्हा परडी तिथेच राहिली. चोएईने कारली चिरली नाहीत. ती पिवळी पडली, फुटली, आतल्या लाल बिया बाहेर आल्या.

*

एकोणपन्नासाव्या दिवशी मित्सुए त्याला एका अंगात येणाऱ्या बाईकडे घेऊन गेली. जाणारा आणि मागे राहणारा यांची ताटातूट त्या दिवशी नीट करून द्यायची असते. बाईने तांदूळ मोजले, उदबत्ती लावली, डोळे मिटून डोलू लागली आणि बदललेल्या आवाजात म्हणाली, "धनी, माझी काळजी करू नका. मी घरातच आहे. मी सुखात आहे."

मित्सुए रडली. चोएईने बाईकडे नीट पाहिलं. तोयोने तीस वर्षांत त्याला धनी म्हटलं नव्हतं. अहो म्हणायची, रागावली की अहो कौलारी म्हणायची, आणि सुखात आहे असं तर ती चांगल्या दिवसांतही कबूल करत नसे. बाईपर्यंत तोयो आलेली नव्हती. घरी आली नव्हती म्हणून इथेही आली नव्हती. चोएईच्या दृष्टीने हे आता पक्कं झालं.

परतताना मोटारीत मित्सुए म्हणाली, "बरं वाटलं ना बाबा?"

"तुला वाटलं ना? झालं तर."

त्याच आठवड्यात तो गावच्या सभागृहात गेला. कोतोकु आणि चार पंच बसले होते, पुढ्यात चहा होता. चोएई दारातच बसला.

"एक मागायचं आहे. सिंह एकदा द्या. दिवसाउजेडी. ढोल नको, माणसं नकोत. मी आणि सेइजुन वेशीवर जातो, गावाकडे तोंड करून एकदा नाचवतो आणि परत आणून ठेवतो."

कुणालाच समजलं नाही. मग कोतोकुला समजलं. त्याने पेला खाली ठेवला.

"तुला सुतक आहे. वर्षभर सिंहाला हात लावता येत नाही."

"सुतकात लावलाच की. चार दहापासून पाचपर्यंत."

"तेव्हा तुला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं सुतक लागत नाही."

"म्हणून सांगितलं नाहीत."

"हो," कोतोकु म्हणाला. "म्हणूनच नाही सांगितलं. सिंह अर्धं गाव फिरला होता. सगळे हुसकून वडाशी गोळा केलेले. तू मधूनच उठला असतास तर ते सगळे गावात सुटले असते. लहान मुलांची घरं आहेत इथे. मी एका माणसाचा विचार करायचा की गावाचा?"

पंच माना हलवत होते. चोएईलाही ते खोटं वाटलं नाही. त्याच्या बापाने हेच सांगितलं असतं. गावप्रमुख असता तर त्याने स्वतः हेच केलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं. त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

"आणि पहिला फोन?" तो म्हणाला. "तीन वीसचा. तेव्हा ती जिवंत होती. तेव्हा सुतक नव्हतं. सिंह दोन घरंही पुढे गेला नव्हता. परत फिरवून, पेटीत ठेवून, मला मोटारीत बसवायला किती वेळ लागला असता?"

कोतोकुने पेला उचलला. तो रिकामा होता.

"तेव्हा का नाही, कोतोकुदादा?"

"मला वाटलं, मित्सुए घाबरली असेल. पोरी घाबरतात."

एवढंच. एका पंचाने सगळ्यांना चहा ओतला, चोएईलाही.

"आणि ते उलटं नाचवायचं," कोतोकु हळू आवाजात म्हणाला, "ते मनातून काढून टाक. तुझी तोयो एकटीच आत येईल असं वाटतं तुला? लढाईपासूनचे सगळे तिथे उभे आहेत. एकीसाठी दार उघडलं तर बाकीचे बाहेर थांबतील होय?"

चहा न पिता चोएई उठला.

*

त्याच्या स्वतःच्या छपरावर एक सिंह होता. घर बांधलं त्या वर्षी उरलेल्या फुटक्या कौलांचा आणि चुन्याचा त्यानेच केलेला. चुन्यात पेंढा घालून तोयोने तो पायांनी तुडवला होता. सिंह वर बसवून झाल्यावर ती अंगणात लांब जाऊन बघत म्हणाली होती, "जेवायला उशीर झाला की तुम्ही असेच दिसता."

तो रस्त्याकडे तोंड करून बसला होता. वाईट काही आत येऊ नये म्हणून. चोएईने विचार केला, वेशीवरून ती कशीबशी आत आलीच असेल, तर इथे हा बसला आहे.

भर दुपारी त्याने शिडी लावली. छिन्नी, हातोडी घेऊन आढ्यावर गेला. स्वतःचंच काम होतं, चांगलं केलेलं, सुटता सुटेना. शेजारची कामादो आजी अंगणात आली आणि डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिली.

"कौलारी, गळतंय का?"

"नाही, आजी."

"मग?"

"सिंह काढतोय."

"नवा बसवणार?"

"नाही."

आजी कुंपणाशी आली. "अरे, घर उघडं पडेल. काहीतरी शिरेल."

"शिरू दे की."

"तुझ्या घरात शिरलेलं तुझ्याच घरात राहील याची खात्री आहे का तुला? कुंपण एकच आहे आपलं."

शिडी हलली. खाली सेइजुन उभा होता, दोन्ही हातांनी शिडी धरून. कधी आला ते कळलं नाही. "सोड," चोएई म्हणाला. त्याने सोडली नाही. सिंह सुटल्यावर त्याने तो वरून अलगद घेतला आणि पडवीत ठेवला. मग निघून गेला. आजीने दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी मीठ टाकलं.

त्या दिवसापासून चोएई दार उघडं ठेवून झोपू लागला. ताट दोन वाढायचा. आढ्यावर सिंहाच्या जागी जी भेग राहिली होती तिच्यातून पाऊस आत आला, माडीवरच्या चटया कुजल्या. कौलाऱ्याचं घर गळतं म्हणून गावात चेष्टा झाली. एकदा एक मांजर आलं आणि दुसऱ्या ताटातला मासा घेऊन गेलं. बाकी कुणी आलं नाही.

आलं असतं तरी कसं कळलं असतं, असं मित्सुए फोनवर म्हणाली. चोएई म्हणाला, "मला कळलं असतं. ती आली की आधी काहीतरी जागचं हलवते. नावं ठेवल्याशिवाय तिला घरात बसवत नाही."

हिवाळ्यात ऊस तोडायला गावात माणसं कमी पडली. चोएई गेला. सेइजुनच्या शेजारच्या ओळीत तोडायचा. दोघे उसाबद्दल बोलायचे, विळ्याच्या धारेबद्दल बोलायचे, गुडघ्यांबद्दल बोलायचे. वेशीचा विषय कुणी काढला नाही.

*

वर्ष फिरून आलं. पितरांच्या दिवसांत मित्सुए आली. तोयोचं हे पहिलंच वर्ष म्हणून दिवे लावले, उसाचे दांडे ठेवले, तिला आवडणारं मांसाचं सार केलं. तेरावीच्या संध्याकाळी दाराशी उदबत्ती धरून मित्सुए म्हणाली, "आई आली, बाबा."

"कशावरून?"

मित्सुएने उदबत्ती रोवली. पंधरावीला निरोपाचं ताट झालं. सोळावीला सकाळी लवकर वर्षश्राद्ध उरकून ती नाहाला गेली. सिंह बघायला थांब, असं तिला कुणी म्हटलं नाही.

त्याच सकाळी चोएईने समुद्रात तीनदा डुबकी मारली. सुतक सुटलं.

सेइजुन आठवडाभर आधीच विचारून गेला होता. डोकं धरायला दुसरं कुणी नव्हतं. दोन तरुणांना शिकवायला घेतलं होतं, पण एकाने जबडा वाजवताना स्वतःचं बोट चिरडलं आणि दुसरा ओसाकाला कामावर गेला. चोएई लगेच हो म्हणाला होता. इतकं लगेच, की सेइजुन निघताना पायरीवर थांबला.

"सरळ नाचणार ना?"

"तू पाय उचल म्हणजे झालं."

तीन वाजता सिंह निघाला. ढोल, झांजा, मागे पोरं. चोएई चांगला नाचत होता. अंग विसरलं नव्हतं. गल्ली, विहीर, वड. सिंह झोपला, सिंह उठला. पट्टा नेहमीसारखाच हलका होता. वेशीवर पोचले तेव्हा समुद्रावरून वारा येत होता. जबड्याच्या फटीतून नाहाचा रस्ता दिसत होता, रिकामा, उसाच्या दोन शेतांमधून गेलेला. कोतोकु कडेला झांजा घेऊन उभा होता.

ढोलाने तीन ठोक्यांची खूण दिली.

चोएईने डोकं उजवीकडे वळवलं. मग खांदे, मग पाय. समुद्र गेला, ऊस गेला, पहिलं घर फटीत दिसू लागलं. तेवढ्यात पट्टा ताणला गेला. मागचं अंग जागचं हललं नव्हतं. सिंह मधेच पिळल्यासारखा उभा राहिला, तोंड गावाकडे, पाय समुद्राकडे.

"वळ," चोएई म्हणाला.

"नाही."

"वळ म्हणतो ना."

"माहीत होतं मला, तू हे करणार." सेइजुन धापा टाकत होता. "आठ दिवस माहीत होतं."

"मग आलास कशाला?"

"दुसरा कुणी आला असता तर वळला असता."

बाहेर टाळ्या पडत होत्या. लोकांना ते नवं पाऊल वाटलं. ढोलवाल्याने तीन ठोक्यांची खूण पुन्हा दिली.

"सेइजुन, ती एक वर्ष उन्हातान्हात उभी आहे. तू तिच्या हातचं जेवलायस."

"जेवलोय."

"मग?"

पट्टा धरलेले हात चोएईच्या पाठीला लागत होते.

"माझी आई पण तिथेच आहे," सेइजुन म्हणाला. "लढाईत त्या डावीकडच्या उसात पडली. हाडंसुद्धा मिळाली नाहीत. वेचलेली हाडं ठेवलेल्या किती कबरी उघडून पाहिल्या तेव्हा आम्ही, तुला माहीत आहे. दरवर्षी तू जबडा वाजवतोस आणि मी तुझ्या कमरेला धरून उभा असतो. मी एकदा तरी म्हटलं, वळ म्हणून?"

चोएईला हे माहीत होतं. सेइजुनची आई उसात गेली हेही आणि सिंह वेशीवर कुणाला हाकलतो हेही. या दोन गोष्टी त्याने कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. सेइजुनने ठेवल्या होत्या, दरवर्षी, वाकून, अंधारात.

"मग आज म्हण," चोएई म्हणाला. "दोघींना घेऊ आत."

एका क्षणी पट्ट्यावरचा हात सैल झाल्यासारखा वाटला. चोएईने पाऊल टाकलं.

"आणि त्यांच्या मागून येतील ते?" सेइजुन म्हणाला. हात परत आवळले. "माझ्या नातीला महिना झालाय. नाही, चोएई. माझीला नाही येऊ दिली, तुझीला कशी येऊ देऊ?"

फटीतून कोतोकु दिसला. त्याने झांजा खाली केल्या होत्या. त्याला कळलं होतं. तो पुढे आला नाही, ओरडला नाही, कारण पोरं बघत होती. ढोलवाल्याने तिसऱ्यांदा खूण दिली आणि मग तोही थांबला.

चोएईने एकदा जोर लावून पाहिला. मागचे पाय रुतलेले होते. त्याने डोकं परत समुद्राकडे फिरवलं. जबडा वाजवायला हात वर नेले. दोन्ही अंगठे खाचेत होते. त्याला रस्ता दिसत होता. त्याने हात खाली घेतले.

सिंह तोंड मिटून परत फिरला.

सिंहघरात डोकं पेटीत गेलं. झूल घडी करताना सेइजुनने दोन टोकं धरली, चोएईने दोन. कोतोकुने दार ओढलं, दोरी बांधली. या वेळी चोएईच्या हातात दारूची वाटी आली. कुणीतरी पाठीवर थाप मारली. "ते वळायचं बेस झालं. पुढच्या वर्षी पण ठेवा."

चोएई प्याला. सेइजुन समोर बसला होता, पाय पसरून, गुडघे चोळत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

या सोळावीला वेशीवर जबडा वाजला नाही, म्हणजे कुणी हाकललं गेलं नाही. पण आत यायलाही कुणाला सांगितलेलं नाही. सिंहाला गावाकडे वळवायचं राहिलं आहे.